टोपी खुंटीवर असेल तरच

माझ्या सासूबाईंना शेजारणी विचारायच्या, "तुमची सून नेमकं करते तरी काय?" त्यावर त्या ठसक्यात सांगायच्या, "पिक्चर ठेवायच्या डब्यांचं बघते." परिणाम असा, की घाटकोपरला आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचाही टीव्ही बंद पडला की माणूस रिमोट घेऊन आमच्या दारात. टीव्ही मला दुरुस्त करता येत नाही. तसं सांगितलं की सासूबाईच ओशाळ्या व्हायच्या, म्हणून मी मुकाट्याने स्क्रूड्रायव्हर घेऊन निघायचे. बहुतेक वेळा मागची वायर सैल झालेली असायची. ती घट्ट केली की टीव्ही सुरू आणि बिल्डिंगमध्ये माझी कीर्ती आणखी वाढलेली.

पण सासूबाईंचं वर्णन तसं चुकीचं नव्हतं. एडिटिंग करणाऱ्यांचं शूटिंग ज्या बॉक्समध्ये साठवलेलं असतं, ते बॉक्स बसवणं आणि सांभाळणं हेच माझं काम होतं. अंधेरी, गोरेगाव, मालाड, बोरिवली, जिथे जिथे दोन खुर्च्या टाकून कुणी एडिटिंग सुरू केलं, तिथे तिथे मी कधी ना कधी टेबलाखाली आडवी झालेली आहे. लोक मला डिस्कताई म्हणतात. आता गुडघे ऐकत नाहीत म्हणून टेबलाखाली शिरणं बंद केलंय, पण फोन चालूच असतात.

हे काम बाहेरच्या माणसाला समजावून सांगायचं तर असं. व्हिडिओ हा फार जागा खाणारा प्राणी आहे. एका लग्नाला तीन कॅमेरे लावले तर ते सगळं शूटिंग साध्या कॉम्प्युटरच्या पोटात मावत नाही. म्हणून चारपाच हार्ड डिस्क एकत्र बसवलेला एक बॉक्स बाहेरून जोडायचा. एक एडिटर, एक बॉक्स, इथवर सगळं सुखाचं असतं. भानगड सुरू होते ती दुसरा एडिटर आला की. त्यालाही तेच शूटिंग हवं असतं, आणि आत्ता हवं असतं. पूर्वी मग डिस्कवर कॉपी करून इकडून तिकडे न्यायचे. डब्याच्या पिशवीतून, स्कूटरच्या डिकीतून, एकदा तर हेल्मेटमध्ये रुमाल घालून नेलेली डिस्क मी पाहिली आहे. हेल्मेट डोक्यावर का नाही, असं ट्रॅफिक हवालदाराने विचारल्यावर त्या बहाद्दराने सांगितलं, "साहेब, डोकं फुटलं तर चालेल, ही फुटली तर मालक मारेल." यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे दोन्ही कॉम्प्युटर एकाच बॉक्सला जोडणं. तो मार्ग काढून द्यायला मला बोलवायचे.

अंधेरीत एका गल्लीत दोन भावांची दोन ऑफिसं होती, समोरासमोरच्या बिल्डिंगांत. बॉक्स एकाकडे, आणि दुसऱ्यासाठी गल्लीवरून आडवी वायर. मी नको म्हणत असताना त्यांनी ती दुसऱ्या कुणाकडून टाकून घेतली, आणि मग स्पीड पडतो म्हणून बोलावलं मलाच. स्पीड रोज पडत नसे, ठरावीक दिवशीच पडे. मी सगळं तपासलं, बॉक्स उघडला, मिटला, काही सापडेना. शेवटी कंटाळून खिडकीत चहा घेत उभी राहिले, तर खालच्या मजल्यावरच्या एक बाई त्या वायरवर ओल्या चादरी वाळत घालताना दिसल्या. चादरींचं वजन आलं की वायर ताणायची, टोक अर्धवट निघायचं आणि स्पीड पडायचा. मी वरून हाक मारली, "अहो ताई, ती आमची वायर आहे." त्या म्हणाल्या, "माहितीय हो, पण इतके दिवस मोकळीच होती ना!" भावांनी शेवटी माझ्याकडूनच त्यांना गॅलरीत नवीन दोरी बांधून दिली. माझ्या बिलात 'दोरी' अशी ओळ तेवढी एकदाच आली.

आणि दसऱ्याला तर माझा फोन हमखास वाजायचा. आपल्याकडे हत्यारांची पूजा होते, आणि एडिटरचं हत्यार म्हणजे बॉक्स. हळद, कुंकू, अक्षता, वर झेंडूचा हार. बॉक्सला मागे पंखा असतो, तो हवा आत ओढतो. हवेबरोबर कुंकूही ओढतो. गोरेगावला एका बॉक्समधून मी झेंडूच्या इतक्या पाकळ्या काढल्या की मालक म्हणाले, "ताई, नैवेद्य तेवढा बाहेर ठेवला होता आम्ही, हे नशीब समजा." तेव्हापासून मी दसऱ्याच्या आधी सगळ्यांना फोन करून सांगायला लागले, पूजा पुढून करा, मागून देव प्रसन्न होत नाही.

हे झाले गमतीचे किस्से. पण कुणी विचारलं की इतक्या वर्षांत लक्षात राहील असं काय झालं, तर मला बोरिवलीच्या शुभांगी आणि रेश्मा आठवतात.

दोघी कॉलेजच्या मैत्रिणी. लग्नाच्या व्हिडिओंचा धंदा होता त्यांचा, आणि चांगला होता. शुभांगीच्या वडिलांच्या तळमजल्यावरच्या ब्लॉकमध्ये दोन खोल्या, एकीत शुभांगी, दुसरीत रेश्मा, मध्ये पॅसेज. शुभांगी बोलघेवडी, गिऱ्हाइकाला घोळात घ्यावं तर तिनेच. रेश्मा कमी बोलायची, पण कापाकापीत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. लग्नातला कितीही कंटाळवाणा अर्धा तास द्या, ती त्यातून पाहावंसं वाटेल असं काहीतरी काढायची. शुभांगीच्या आईला आम्ही सगळ्या काकू म्हणायचो. काकू वरच्या मजल्यावर राहायच्या, मूळच्या मालवणकडच्या, आणि डबा घेऊन खाली उतरल्या की जेवल्याशिवाय कुणाची सुटका नसायची.

त्यांच्याकडे मी बसवलेला बॉक्स जुन्या पद्धतीचा होता. दोन तोंडं असलेला, दोन्ही कॉम्प्युटर थेट जोडता येणारा. त्याची एक अट होती, आणि पुढचं सगळं रामायण त्या अटीवरून झालं म्हणून ती सांगते. बॉक्समधलं शूटिंग दोघींनी एकाच वेळी पाहिलं तर काही बिघडत नाही. पण त्यात नवीन काही भरायचं, म्हणजे आमच्या भाषेत 'लिहायचं', ते एका वेळी एकीनेच. कारण बॉक्समध्ये कुठे काय ठेवलंय आणि कुठली जागा मोकळी आहे याची यादी प्रत्येक कॉम्प्युटर आपल्या डोक्यात ठेवतो. स्वयंपाकघरात दोन जावा आहेत, एकमेकींशी न बोलता मांडणीवर सामान भरतायत, असं समजा. एकीच्या हिशेबाने तिसरा डबा रिकामा, म्हणून तिने रवा भरला. दुसरीच्या हिशेबानेही तोच रिकामा, म्हणून तिने वरून तिखट ओतलं. आता ना शिरा होत, ना रस्सा. मधे कारभारी म्हणून तिसरा कॉम्प्युटर बसवला, की दोघी आधी त्याला विचारतात आणि प्रश्न मिटतो. मी तो बसवा म्हणून मागे लागले होते. "या सीझननंतर नक्की, ताई," असं शुभांगी दर सीझनला म्हणायची.

तोवर त्यांनी स्वतःची एक पद्धत काढली होती. मशीन तापू नयेत म्हणून एडिटिंगच्या खोल्यांत एसी इतका जोरात असतो की बाहेर मे महिना असला तरी आत बोटं आखडतात. त्यांच्याकडे एक लाल माकडटोपी होती, काकूंनी विणलेली. ती पॅसेजमधल्या खुंटीवर असायची. जिला बॉक्सवर लिहायचंय तिने टोपी घालायची आणि काम संपेपर्यंत काढायची नाही. टोपी खुंटीवर दिसली तर बॉक्स मोकळा. नाही दिसली तर समजायचं दुसरी लिहितेय, आपण फक्त बघायचं.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा खो खो हसले. म्हटलं, "अगं, चिठ्ठी लावा, बोर्ड लावा. टोपी काय?" रेश्मा म्हणाली, "ताई, चिठ्ठी काढायची राहून जाते. माकडटोपी घालून माणूस बोरिवलीच्या रस्त्यावर गेला ना, की चौथ्या पावलावर कुणीतरी हसतंच. विसरताच येत नाही." मी पाहिलेल्या भल्याभल्या सिस्टीमपेक्षा ही भक्कम होती. कित्येक सीझन त्या टोपीने एक दाणाही इकडचा तिकडे होऊ दिला नाही.

आणि मग खारदांड्याचं लग्न आलं.

कोळ्यांचं लग्न, मोठं, अनेक दिवसांचं. मुलीचं नाव प्रणाली. तिची आई हिराबाई, बाजारात मासळी विकणारी, आवाज असा की माईक लागू नये. प्रणालीचा मोठा भाऊ बाळा मालवाहू जहाजावर कामाला होता आणि त्याला रजा मिळाली नव्हती. लग्न ठरलं त्या दिवसापासून हिराबाईंचं एकच म्हणणं होतं, बाळाला लग्न दिसलं पाहिजे. त्याचं जहाज कुठल्याशा बंदराला लागणार होतं. तिथे त्याला धड इंटरनेट मिळणार होतं, आणि तिथून निघाल्यावर मग कित्येक आठवडे नुसतं पाणी. फिल्म त्या बंदरात पोचायला हवी होती. शुभांगीने आपल्या स्वभावाप्रमाणे शब्द देऊन टाकला होता.

लग्न झालं, आणि दोनच दिवसांनी मला फोन. शुभांगीचा आवाज ओळखू येईना.

"ताई, वाट लागली. खारदांड्याचं फोल्डर उघडत नाहीये. नावांच्या जागी चौकोन चौकोन दिसतायत."

"कॅमेऱ्यातली कार्डं?"

"कॅमेरावाल्याला परत दिली. त्याचं दुसरं शूट होतं. त्याने फॉर्मॅट केली, सगळं पुसलं गेलं."

"बॉक्स बंद कर. आत्ता. आणि दोघींनी कशालाही हात लावू नका, मी येते."

काहीही न करणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम आहे. घाबरलेला माणूस बटणं दाबत सुटतो आणि जे वाचण्यासारखं असतं तेही घालवतो. शुभांगीने तेवढं ऐकलं, त्याबद्दल मी तिची आजही आभारी आहे.

मी पोचले तेव्हा दोघी दोन खोल्यांत, दारं लावून. रेश्माचे डोळे सुजलेले, शुभांगीचं तोंड लाल. आदल्या दिवशी रेश्मा एका जुन्या लग्नाचं तयार काम बॉक्सवर चढवत होती, आणि त्याच वेळी शुभांगीने खारदांड्याच्या शेवटच्या दिवसाची कार्डं उतरवली होती. म्हणजे दोघी एकाच वेळी लिहीत होत्या. रवा आणि तिखट.

"टोपी माझ्या डोक्यावर होती," रेश्मा म्हणाली. "आईशप्पथ ताई, कामभर काढली नाही."

पलीकडे गेले तर शुभांगी म्हणते, "टोपी खुंटीवर होती. मी काढून घातली. मी काय आंधळी आहे? ती खोटं बोलतेय, आणि कॉलेजपासून पहिल्यांदा बोलतेय, त्याचंच वाईट वाटतंय मला."

मला काही उमगेना. मशीनचं भांडण असतं तर सोडवलं असतं. या दोघी खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या, आणि दोघींचं खरं असणं शक्य नव्हतं. मी बॉक्ससमोर बसले. आधी अख्ख्या बॉक्सची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या बॉक्सवर घ्यायला लावली, कारण मूळ वस्तूवर प्रयोग करायचा नसतो. ते काम तासन्‌तास चालतं, आणि तोवर बसून राहण्यापलीकडे काही नसतं. त्या शांततेत काकू डबा घेऊन खाली आल्या.

डबा ठेवला, खोल्यांची लागलेली दारं पाहिली, आणि रेश्माच्या खोलीत डोकावून म्हणाल्या, "गो रेश्मा, टोपी बसता मां तुका नीट? माप शुभांगीच्या डोक्याचा घेतलंय."

रेश्माने वर पाहिलं. "कुठली टोपी, काकू?"

"नवी गो! दोघींका मिळान एकच टोपी, माका काय ता बरा दिसला नाय. एक घालता नि दुसरी कुडकुडता. म्हणान तशीच दुसरी विणून काल खुंटयेक लावन ठेवलंय. तुमी काय बोललात नाय, म्हटलं आवडली नाय की काय."

पलीकडचं दार उघडलं. शुभांगी उभी होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, मग काकूंकडे, मग माझ्याकडे. आधी रेश्माला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायलाच लागली. शुभांगीने तिला मिठी मारली. काकू गोंधळून म्हणाल्या, "आता माज्या टोपयेत रडण्यासारख्या काय आसा?" त्यांना ते कधीच कळू द्यायचं नाही, हे आम्ही तिघींनी न बोलता तिथल्या तिथे ठरवून टाकलं. लोकर एकच, वीण एकच, गोंडासुद्धा तसाच; काम संपल्यावर एकीवर एक टांगल्या, तरी खुंटीवर एकच वाटत होती. माझ्या आयुष्यात इतक्या मायेने बुडवलेला बॉक्स मी दुसरा पाहिला नाही.

मैत्री वाचली. लग्न अजून बुडालेलंच होतं.

यादी बिघडली म्हणजे सामान गेलं असं नसतं. डब्यांवरची लेबलं जातात, आतलं बरंचसं शिल्लक असतं. तेव्हा एकेक डबा उघडून आत काय आहे ते बघायचं. ते करणारे प्रोग्रॅम असतात, मी तो लावला. हळूहळू क्लिप बाहेर यायला लागल्या. पण नावं नाहीत, क्रम नाही, नुसते आकडे. जिथे एकीच्या लिहिण्यावर दुसरीचं चढलं होतं त्या क्लिप कायमच्या गेल्या. बाकीचा डोंगर समोर होता. कॅमेऱ्यांच्या घड्याळांवरून क्रम लावावा म्हटलं तर एका कॅमेऱ्याला वाटत होतं की जानेवारी आहे, दुसऱ्याच्या घड्याळाला कधी कुणी हातच लावला नव्हता. लग्नवाल्या कॅमेऱ्यांची घड्याळं मी अजून एकदाही बरोबर पाहिलेली नाहीत.

दोन दिवसांत जहाज बंदरात येणार होतं. क्रम लावायला लग्नातलंच माणूस हवं होतं. शुभांगीने धीर करून खारदांड्याला फोन लावला आणि जे झालं ते सांगितलं. तासा-दीड तासात हिराबाई प्रणालीला घेऊन दारात हजर. हातात पिशवी, पिशवीत सुकट, कारण रिकाम्या हाताने कुणाकडे जायचं नसतं, भांडायला गेलं तरी.

"काय गं बाय," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माज्या पोरीचा लगीन हरवला म्हनतात?"

"हरवलं नाही, हिराबाई. विस्कटलंय. तुम्ही सांगा, आम्ही लावतो."

मग जी बैठक बसली तशी मी आयुष्यात दुसरी पाहिली नाही. एसी जोरात, म्हणून शुभांगीने लाल टोप्या पुढे केल्या. एक हिराबाईंनी चढवली, एक नव्या नवरीने. रेश्मा एकेक क्लिप लावायची आणि मायलेकी सांगायच्या. उंबराची फांदी आणायला गेले ते आधी, हळद त्यानंतर, इथवर सोपं होतं. पण नाचाच्या क्लिप पन्नास, आणि सगळे सगळ्या दिवशी नाचलेले. हिराबाईंची मग वेगळीच खूण होती. "थांब, थांब. हय मावशी नाचतंय, म्हंजे अजून रुसली नाय. हा हलदीचे आदीचा." पुढच्या क्लिपमध्ये मावशी कोपऱ्यात खुर्चीवर तोंड फिरवून. "बघ, हय रुसलीय. आता हलद झाली." प्रणाली म्हणायची, "आय, मावशी साडीवरून पहिल्याच दिवशी रुसलेली." "ती येगली गं! मंग हसली, मंग परत रुसली." अशा रीतीने मावशीच्या रुसव्याफुगव्यांवर आम्ही एक अख्खं लग्न उभं केलं. मधेच काकूंनी भात, सोलकढी आणि त्याच सुकटीचं कालवण पाठवलं. हिराबाईंनी घास घेऊन काकूंना वर निरोप धाडला, की सुकटीला हात चांगला आहे, पण चिंच कमी पडली.

संध्याकाळकडे एक क्लिप आली, ती कुठेच बसेना. रेश्मा चटकन म्हणाली, "हे वेस्ट आहे. मी पहिल्याच दिवशी उडवलं होतं. हे कसं काय परत आलं?"

मी सांगितलं, की उडवलं म्हणजे नुसतं लेबल फाडलं. त्या जागेवर दुसरं काही भरलं जाईपर्यंत आतलं तिथेच असतं. डबे उघडायला घेतलेत, तर तेही निघणार. रेश्मा क्लिप बंद करायला गेली, पण हिराबाईंनी तिचा हात धरला.

कॅमेरावाला स्टँडवर कॅमेरा चालू ठेवून बहुतेक जेवायला गेलेला. समोर मांडवाचा खांब, रचलेल्या खुर्च्या. मग कडेने हिराबाई येतात. हिरवं लुगडं, डोक्यात फुलं. इकडे बघतात, तिकडे बघतात, आणि कुणी नाही असं पाहून भिंगाशी वाकतात. इतक्या जवळ, की पडद्यावर नुसतं कपाळ आणि डोळे.

"बाला," त्या हळू आवाजात म्हणतात. त्यांना हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. "बाला, जेवलास काय रं? हय समदी जेवली. तुजी बहीन लय गोड दिसतंय. मी रडली नाय, काय कालजी करू नको. जेवलास काय?" आणि मग त्या थांबतात. उत्तराची वाट बघत कॅमेऱ्याकडे बघत राहतात. बराच वेळ. मागून कुणीतरी हाक मारतं, तशा पदर सावरून निघून जातात.

हिराबाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तो कॅमेऱ्यावाला पोरगा बोलला, बाला यातून बघनार हाय," त्या म्हणाल्या. "मना वाटला, आताच बघतोय. फोनवानी. मी इचारला, पन बाला काय बोललाच नाय. मंग म्हटला, काम आसंल त्याला." आणि थोड्या वेळाने, "मना जरा लागला होता तो."

प्रणालीने आईचा हात घट्ट धरला. एक बाई लग्न झाल्यापासून मनात घेऊन फिरत होती की लेकाने आपल्याला उत्तर दिलं नाही, आणि तो प्रश्न लेकापर्यंत पोचलाच नव्हता. आम्ही एडिटिंगवाले ज्याला वेस्ट म्हणतो ते कितीदा असंच गेलं असेल, या विचाराने मला अजूनही अस्वस्थ व्हायला होतं. रेश्मा खाली मान घालून बसली होती. मग तिने त्या क्लिपला नाव दिलं, 'आई', आणि ती वेगळी काढून ठेवली. एका सेकंदालाही कात्री लावली नाही.

फिल्म वेळेत झाली. अगदी पूर्ण म्हणता येणार नाही. अंतरपाट दूर होतो त्या क्षणाच्या समोरच्या दोन्ही कॅमेऱ्यांच्या क्लिप गेल्या त्या गेल्याच, त्यामुळे तो मुहूर्त भटजींच्या पाठीमागून दिसतो. भरभक्कम भटजी, दोन्ही बाजूंनी उडणाऱ्या अक्षता, आणि मुंडावळ्यांचं एक टोक. रेश्माने त्यावर असं सनईचं संगीत लावलं, की वाटावं मुद्दामच तसं ठेवलंय. प्रणालीच्या सासरच्यांनी तर तोंड भरून कौतुक केलं, काय वेगळा अँगल घेतलाय म्हणून.

बाळाला दोन फाइली पाठवल्या, मोठी फिल्म आणि ती छोटी. बंदरातलं नेट रडत रडत चालत होतं. प्रणाली दर थोड्या वेळाने शुभांगीला कळवत होती, आता इतकं उतरलं, आता अडकलं, आता परत सुरू झालं. मी घाटकोपरला घरी होते आणि माझ्याच पोराचं लग्न अडलंय अशा येरझारा घालत होते. शेवटी निरोप आला की दोन्ही पोचल्या आणि जहाज निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रणालीने बाळाचा एक निरोप शुभांगीला पुढे पाठवला, शुभांगीने मला. जहाज किनारा सोडता सोडता, नेट तुटायच्या आत त्याने आईसाठी बोलून ठेवलेला. त्यात बहिणीच्या साडीबद्दल काही नव्हतं, वरातीबद्दल नव्हतं, भटजींच्या पाठीबद्दलही नव्हतं. मागे इंजिनाची घरघर आणि वारा. मला आधी वाटलं नुसताच वारा आहे. मग त्याचा आवाज आला, जरा बसलेला.

"जेवलो गं आय. आताच जेवलो."